माहेरी तंत्रज्ञान

१२ जून, गुरुवार

वीस. तीस जूनपर्यंत नववीच्या वीस मुलांची संमतिपत्रं आली नाहीत तर 'माहिती तंत्रज्ञान व व्यवसाय' हा विषय यंदा आमच्या शाळेत चालणार नाही. विषय नाही म्हणजे मीही नाही. मुख्याध्यापिका देवरे मॅडमनी हे चहा गाळता गाळता सांगितलं.

"मागच्या वर्षी पंचवीस मिळाले. आता पालक विचारतात, हा विषय घेतला की हिंदी सुटतं, मग पुढे काय? तू सांग त्यांना पुढे काय ते."

मी "हो मॅडम" म्हटलं. पुढे काय ते मला तरी कुठे माहीत आहे?

पप्पा अंबडला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून ते प्रमाणपत्र त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून टीव्हीच्या वर लावलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला ते "पोरगी कॉम्प्युटरची मास्तरीण" असं सांगतात. कंत्राटी म्हणजे काय, हे मी त्यांना नीट सांगितलेलंच नाही. विषय गेला तर ते सगळं एकदम सांगावं लागेल.

पण खरं सांगायचं तर भीती तेवढीच नाही. मला हा विषय मनापासून शिकवायचाय. आमच्या भागातली मुलं दहावी झाली की कंपनीच्या गेटवर उभी राहतात. त्यातल्या दोघांनी जरी स्वतःचं काही सुरू केलं तरी मी समजेन की झालं. हे वाक्य मुलाखतीत म्हटलं होतं तेव्हा समोरचे साहेब हसले होते. का हसले ते अजून कळलेलं नाही.

१४ जून, शनिवार

पत्रक तयार केलं. रिक्षात बसल्या बसल्या, मोबाईलवरच. वर संगणकाचं चित्र, खाली शाळेचं नाव आणि माझा नंबर, मध्ये मोठ्या अक्षरांत ओळ. पाचशे प्रती छापायला टाकल्या. व्यवसाय शिकवणाऱ्या बाईनं स्वतःची जाहिरात नीट करू नये म्हणजे काय!

१६ जून, सोमवार

लिहायचीही लाज वाटते.

शाळेचा पहिला दिवस. शिपाई सावळीराममामा गठ्ठा घेऊन आले, मी ऐटीत दोरी सोडली. दहावीची इन्शा तिथंच उभी होती. गेल्या वर्षीच्या तुकडीतली माझी सगळ्यांत हुशार मुलगी. तिनं पहिला कागद उचलून मोठ्यानं वाचला, "नववीपासून माहेरी तंत्रज्ञान शिका! स्वतःच्या पायावर उभे राहा!"

मला वाटलं ती गंमत करतेय. कागद हातात घेतला. माहेरी. पाचशेच्या पाचशे प्रतींवर माहेरी.

दोन अक्षरं टाकली की मोबाईल पूर्ण शब्द स्वतःच सुचवतो. मागच्या महिन्यात मावसबहीण बाळंतपणाला आली होती, तेव्हा मी ज्याला त्याला "ती माहेरी आलीय" असं लिहीत होते. मोबाईलनं ते लक्षात ठेवलं. मी वाचून पाहिलं नाही.

देवरे मॅडमनी चष्मा वर करून वाचलं. "माहेरी तंत्रज्ञान. मग सासरी काय, बीजगणित?" सगळा स्टाफ हसला. मग त्या हसायच्या थांबल्या. "उचल हे इथून. शाळेचं नाव आहे त्यावर. एकही कागद बाहेर दिसता कामा नये."

गठ्ठा रिक्षातून घरी आणला आणि पलंगाखाली ढकलला.

१७ जून, मंगळवार

सकाळी आई पलंगाखाली वाकून म्हणाली, "निके, हे कागद कशाचे? टाकायचेत का?"

"हो. काहीही कर त्यांचं. मला परत दिसू देऊ नकोस."

"कोरे हायेत मागनं," ती म्हणाली, आणि एक कागद बोटांत घेऊन तिनं कपड्याचा पोत बघतात तसा बघितला. मी तोवर निघाले होते.

आई पुडीवाली आहे. पहाटे फुलबाजारातून फुलं आणते, ओट्यावर बसून पुड्या बांधते आणि साडेआठपर्यंत ऐंशी-पंच्याऐंशी घरांच्या दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून परत येते. बेल न वाजवता. बरेच जण तिला महिन्यातून एकदाच बघतात. कुणाला सोमवारी बेल लागतो, कुणाला चतुर्थीला दूर्वा, कुणाकडे तगर चालत नाही. सगळं डोक्यात. मी एकदा म्हटलं, मी तुला याचा तक्ता करून देते मोबाईलवर. म्हणाली, "मग तक्ता कुठं ठेवला ते ध्यानात ठेवावं लागंल." आईला नोंदींचं महत्त्व कसं पटवावं कळत नाही.

शाळेतल्या नोकरीच्या अर्जात आईच्या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिलं होतं. खोटं नाही ते. घरही तीच बघते.

२१ जून, शनिवार

पालकसभा. शाळेच्या झेरॉक्सवर बरोबर मजकुराची चाळीस पत्रकं काढून आठवडाभर गेटवर वाटली होती. निम्म्यांची विमानं झाली. आज आले तीन पालक आणि एक आजोबा, जे दुसऱ्या शाळेच्या सभेला चुकून आले होते आणि बसून राहिले.

मी चोवीस स्लाइड केल्या होत्या. उद्योजकता, रोजगारक्षमता, लक्ष्यगट म्हणजे आपला माल नेमका कुणासाठी आहे ते ओळखणं. लक्ष्यगटापाशी वीज गेली. मग मी तोंडानं सांगत राहिले. आजोबांना डुलकी लागली.

शेवटी एका पालकांनी विचारलं, "बाई, यानं नोकरी लागती का?"

खोटं कसं बोलू? म्हटलं, "लगेच नाही लागत. पण विचार करायला शिकतात मुलं."

"विचार घरी बी करतंय ते," ते म्हणाले. "कामंच करत न्हाई."

संमतिपत्रं: सहा.

२३ जून, सोमवार

अजून सहाच.

आई म्हणते, हल्ली पुड्या बांधायला रद्दीच मिळत नाही. लोक पेपर मोबाईलवर वाचतात. "तुझ्या कॉम्प्युटरनं माझा कागद खाल्ला बघ." मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात चौदा हा आकडा फिरतोय. अजून चौदा हवेत.

२५ जून, बुधवार

आज काहीतरी विचित्र झालं.

मधल्या सुट्टीत एक बाई आल्या. हातात माझं पत्रक. पाचशेतलं! चुरगळलेलं, दमट, चौकोनी घड्या पडलेल्या, एका कोपऱ्यावर पिवळा डाग.

"ते माहेरचं शिकवतात ते तुम्हीच का?"

मी लाजून सांगितलं, ताई, ती छपाईची चूक आहे, ते माहिती तंत्रज्ञान आहे. त्यांचा चेहरा थोडा पडला. "असं होय. मी म्हटलं बरंय, पोरीला सासरी जायच्या आधी कुणीतरी काहीतरी शिकवतंय." मग हसल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "बरं, मग ते तरी शिकवा." सही केली.

सात.

पत्रक कुठं मिळालं विचारलं तर म्हणाल्या, "आलं सकाळी घरात." कसं आलं? त्यांना आणखी काही विचारणार तोच घंटा झाली.

२६ जून, गुरुवार

आज पाच जण. पाचांकडे तोच कागद. एकीनं तो देवघरात ठेवला होता म्हणे, "टाकवेना." माझ्या चुकीच्या पत्रकाला कुणी देवघरात का ठेवावं? एकीनं सांगितलं, सोसायटीतल्या बायका त्यावरून दोन दिवस हसतायत, म्हणून म्हटलं बघावं तरी. बारा झाले. आनंद व्हायला हवा. पण देवरे मॅडमच्या कानावर गेलं तर? एकही कागद बाहेर दिसता कामा नये म्हणाल्या होत्या.

सावळीराममामांना विचारलं. मामा दुखावले. "बाई, मी रद्दी इकतो. वाटत न्हाई."

मग मी एक वाईट गोष्ट केली. इन्शाला बोलावून रागावले. त्या दिवशी गठ्ठ्यातले कागद तिनं मैत्रिणींना दिले असणार, असं मला पक्कं वाटलं. ती म्हणाली, "टीचर, तुम्हीच शिकवलंत ना, आधी डेटा बघायचा, मग बोलायचं?"

आणि ती गेली.

कागदाला वास येत होता. ओळखीचा. शेवंतीचा असावा. आमच्या घरात इतका असतो की नाकात बसलाय, म्हणून सगळीकडे येतो.

२७ जून, शुक्रवार

पंधरा!

शाळा सुटल्यावर इन्शा लॅबमध्ये आली. रुसलेली होती, पण आली. पंधरा मशीनपैकी नऊ चालतात, त्यातल्या खिडकीजवळच्या मशीनवर बसली आणि म्हणाली, "पत्ते सांगा." ज्यांनी पत्रक आणलं होतं त्यांचे पत्ते मी संमतिपत्रांवरून वाचत गेले आणि ती नकाशावर लाल ठिपके टाकत गेली.

नऊ ठिपके. इकडेतिकडे पसरलेले नाहीत. एकामागे एक, दोरीत ओवल्यासारखे. पाथर्डी फाट्याच्या आतल्या गल्लीपासून सुरू, मग रो हाउसेस, मग दोन सोसायट्या, आणि सिडकोत शेवट.

"कोणीतरी चालत गेलंय, टीचर," इन्शा म्हणाली. "रोजच्या रस्त्यानं."

पेपरवाला असेल का? पण पेपरवाले गाडीवर असतात, सरळ जातात. ही वाट गल्लीबोळांतून वळते. दूधवाला? त्याला पत्रकं कोण देणार? आणि सुरुवात नेमकी आमच्याच भागातून का? कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवतंय की काय, असंही वाटून गेलं.

आईला नकाशाचा फोटो दाखवला. तिनं दोन बोटांनी मोठा केला. "ही कडुनिंबाची गल्ली," म्हणाली. "इथं कुत्रं लय वाईट." आणि भाकरी उलटायला उठली. आईला नकाशा वाचता येतो, हे मला माहीत नव्हतं.

२८ जून, शनिवार

सकाळी देवरे मॅडम स्टाफरूममध्ये आल्या आणि टेबलावर एक फुलपुडी ठेवली. पांढऱ्या दोऱ्याचे दोन फेरे आणि वर ती सरकगाठ. ओढली की सुटते, ओली झाली तरी घट्ट बसत नाही. ती गाठ मला पाचव्या वर्षापासून येते.

मॅडमनी दोरा ओढला. झेंडू, शेवंती, तुळशीची काडी, आणि खाली माहेरी तंत्रज्ञान.

"हे माझ्या घरी, देवाच्या फुलांबरोबर! आमच्या पुडीवालीचा प्रताप. शाळेच्या नावाचा कागद तिच्याकडे गेला कसा? सोमवारी सकाळी दारातच गाठते तिला. आधी विचारते, मग पुडीच बंद करते. सगळ्या सोसायटीला सांगते."

सगळे माझ्याकडे बघत होते. नकाशावरची वाट माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाली. शेवटचा ठिपका टाकायचा राहिला होता, तो मॅडमच्या दारात होता.

मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, "मी चौकशी करते, मॅडम."

चौकशी!

आज तीन संमतिपत्रं आली. अठरा. मी त्यांच्या तारखासुद्धा नीट तपासल्या नाहीत.

२९ जून, रविवार

आई ओट्यावर शेवंतीचे देठ खुडत होती. मी शेजारी बसले. विचारलं, "तू माझी पत्रकं पुड्यांना लावलीस?"

"तूच म्हणलीस काहीही कर."

"सगळ्या घरांत?"

"सगळ्या घरांत कशाला? म्हाताऱ्याकोताऱ्यांना काय करायचंय तुझं शाळेचं? दारात काळे बूट असतात ना शाळेचे, तेवढ्याच घरात. तेही बारके सोडले. बापाएवढे झालेत तेवढेच."

"आणि मुली?"

"पोरींच्या बुटाला पट्टी असती. पट्टी असून मोठा, म्हंजी आठवी-नववी." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारायचं असतं का.

चोवीस स्लाइड केल्या होत्या मी. आई तर सभेला आलीच नव्हती. मग तिला हे कुठून सुचलं? सुचलंच नसेल, सवय असेल. पण सवय तरी कशाची? मला नीट मांडता येत नाहीये.

मग सांगितलं, की शेवटच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणजे माझ्या मुख्याध्यापिका आहेत.

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तू लागलीस तवापासून. दारावर पाटी हाय की. देवरे, मुख्याध्यापिका. मी चौथी शिकलीय गं."

"मग तू त्यांना कधी सांगितलं नाहीस, मी तुझी मुलगी म्हणून?"

आई देठ खुडत राहिली. "तू सांगितलं नाय, म्हणून मी नाय सांगितलं."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते अगदी साधं सांगितलं, कुठल्या घरी तगर चालत नाही ते सांगावं तसं.

३० जून, सोमवार

पहाटे आईबरोबर निघाले. ती नको म्हणाली नाही, एक पिशवी दिली फक्त. कडुनिंबाच्या गल्लीतलं कुत्रं खरंच वाईट आहे.

सात पन्नासला मॅडमच्या दारात. मॅडम उभ्याच होत्या, गाउनवर ओढणी. माझ्या हातात फुलांची पिशवी बघून त्यांना काही उमगेना.

मी म्हटलं, "मॅडम, ही माझी आई."

काल रात्रभर पुढची वाक्यं पाठ केली होती. चूक माझी आहे, कागद मीच टाकायला दिले, हिला माहीत नव्हतं. एकही आठवलं नाही.

मॅडमनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हिची मुलगी तू?" मग पुडी हातात घेत, "अगं, सहा वर्षांत हिनं एक दिवस पुडी चुकवली नाही. पुरात सुद्धा. आणि तू हजेरीपत्रक कधी वेळेवर देत नाहीस!"

आई म्हणाली, "मॅडम, तुमच्या दारात मोठे काळे बूट दिसले म्हणून तुम्हाला बी लावला कागद. चुकलं."

मॅडम एकदम ओशाळल्या. "ते भाच्याचे. इथं राहतो शिकायला. तो... तो इंग्रजी शाळेत जातो." मग घाईनं, "पुडी बंद नको करू. फक्त ते कागद संपव एकदाचे." कागद टाकून दे म्हणाल्या नाहीत, संपव म्हणाल्या. याचा अर्थ काय घ्यायचा?

शाळेत इन्शाची माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके टीचर, पण शेवटचा ठिपका मलाच टाकू द्या." दिला टाकू.

पाच वाजता संमतिपत्रं मोजली. अठरा आणि आजची तीन. एकवीस.

विषय राहिला.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सावळीराममामा पाणी घेऊन आले, त्यांना वाटलं विषय गेला.

४ जुलै, शुक्रवार

पहिल्या महिन्यात मुलांना एका स्थानिक उद्योगाला भेट द्यायची असते. मॅडम म्हणाल्या, अंबडला ओळखीचे एक कारखानदार आहेत, चकचकीत ऑफिस आहे, फोटो चांगले येतील. मी म्हटलं, दुसरी एक जागा बघितलीय. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघ बाई. फोटोत पायताणं नको यायला म्हणजे झालं."

घरी येऊन आईला विचारलं, एकवीस मुलं आणली तर चालेल का.

"बोलायला लावशील का मला?"

"नाही. तू फक्त तुझं काम कर."

"मग साडेपाचला फुलबाजारात आण. सहाला आली तर निस्ता झेंडू राहतो. आणि चपला काढू नका म्हणावं, चिखल असतो खाली." फोटोचं आता काय करायचं कोण जाणे.

भेटीचा अर्ज मोबाईलवर भरायचा असतो. तारीख भरली, वेळ भरली. तिसरा रकाना 'उद्योगाचे नाव'. रिकामा ठेवून पुढे गेले तर लाल अक्षरांत आलं, हा रकाना अनिवार्य आहे.

"आई, तुझ्या धंद्याचं नाव काय?"

"नाव कशाला? पुडीवाली म्हणतात."

"ते तुझं झालं. धंद्याचं?"

तिनं दोऱ्याचा तुकडा दातांनी तोडला. "त्या कागदावर हुतं ते लिही. लोकांना आवडलं ते. बायका अजून इचारतात, माहेरचा कागद संपला का म्हणून."

मी सांगितलं, की अगं ती चूक होती, तिथं दुसराच शब्द हवा होता.

"चूक व्हय?" तिला खरोखर आश्चर्य वाटलं. "मला वाटलं, तू माझ्यावरनंच ठेवलं नाव."

मी टाइप करायला घेतलं. दोन अक्षरं टाकली आणि मोबाईलनं लगेच 'माहिती' सुचवलं. तीन आठवडे मी तो शब्द इतक्या काळजीनं लिहीत होते की आता त्याला तोच पाठ झालाय. खोडलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा एकेक अक्षर दाबून, काना, मात्रा, वेलांटी बघून लिहिलं, आणि पाठवण्याआधी दोनदा वाचलं.

बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही. अर्ज गेला.